तडीपार घंटा आणि दुपारचं जेवण

मॉस्कोहून सेंट पीटर्सबर्गला जाणाऱ्या नदीबोटीवर दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद आदल्या रात्रीच केबिनमध्ये येऊन पडतो. आठला नाश्ता, साडेनऊला राजपुत्राचा मृत्यू झाला ती जागा, साडेबाराला जेवण, चारला लाकडी बाहुल्या रंगवण्याचा वर्ग, संध्याकाळी वोदका आणि ब्लिनी. प्रवासी कागद वाचतात, नाश्त्याची वेळ तेवढी लक्षात ठेवतात आणि दिवा मालवतात. हजार वर्षांचा रक्तबंबाळ इतिहास दोन जेवणांच्या मधल्या वेळात कोंबायचा म्हणजे खायचं काम नाही, पण क्रूझवाल्यांनी ते चोख जमवलं आहे.

चार दिवस या वाटेवर काढले की एक गोष्ट ध्यानात येऊ लागते. रशियात फक्त माणसांनाच शिक्षा होते असं नाही. तारे, पुतळे, गावं, नद्या, घंटा, सगळ्यांची बदली होते, निलंबन होतं, नामांतर होतं आणि नशीब जोरावर असेल तर पुनर्नियुक्तीही होते. व्होल्गाच्या काठावरच्या प्रत्येक वस्तूचं जणू एक सेवापुस्तक आहे आणि शेरा नाही असं पान त्यात सापडत नाही.

बोटीचंच घ्या. या मार्गावरच्या चार मजली बोटींपैकी बऱ्याचशा 1970 आणि 1980 च्या दशकांत पूर्व जर्मनीतल्या बोइझेनबुर्गच्या गोदीत, सोव्हिएत युनियनच्या ऑर्डरवरून बांधलेल्या आहेत. बांधणारा देश नकाशावर उरलेला नाही, विकत घेणाराही उरलेला नाही. बोट मात्र दर वर्षी बर्फ वितळला की नवा रंग लावून पाण्यात उतरते. मधल्या काळात कित्येक बोटींवरची सोव्हिएत पुढाऱ्यांची नावं पुसली गेली, आतल्या केबिन मोठ्या झाल्या, बारमधला पियानो बदलला. 2022 पर्यंत या बोटी अमेरिकन आणि जर्मन पेन्शनरांनी भरलेल्या असत. युक्रेनचं युद्ध सुरू झालं, पाश्चात्त्य कंपन्या निघून गेल्या आणि आता डेकवरच्या खुर्च्यांवर बहुतेक करून रशियन आजी-आजोबाच ब्लँकेट पांघरून बसलेले असतात. भारतीयांना 2023 पासून ई-व्हिसा मिळू लागल्यामुळे त्यांच्यात एखादं मराठी कुटुंबही दिसू शकतं. ते ओळखणं अवघड नसतं. ब्लँकेट त्यांच्याही अंगावर असतं, पण त्याखाली चिवड्याचा डबा असतो.

मॉस्कोतला उत्तर नदीबंदराचा धक्का म्हणजे 1937 सालची, स्वतःच जहाजासारखी दिसणारी लांबलचक इमारत. तिच्या मनोऱ्यावरचा तारा सेकंडहँड आहे. क्रेमलिनच्या मनोऱ्यांवरून झारचे दुतोंडी गरुड 1935 मध्ये उतरवले आणि तिथे रत्नजडित तारे चढवले. दोनच वर्षांत ते निस्तेज वाटू लागले म्हणून माणिकरंगी काचेचे नवे तारे आले. जुन्यांपैकी स्पास्काया मनोऱ्यावरच्या ताऱ्याची नेमणूक मग या बंदरावर झाली. क्रेमलिनवरून नदीबंदरावर ही पदावनती म्हणावी की सन्मानपूर्वक निवृत्ती, हा प्रश्न त्या ताऱ्याला आजतागायत कुणी विचारलेला नाही.

मॉस्को स्वतःला पाच समुद्रांचं बंदर म्हणवतं. पांढरा, बाल्टिक, कॅस्पियन, अझोव आणि काळा हे ते पाच समुद्र. यातला एकही मॉस्कोपासून शेकडो किलोमीटरच्या आत नाही. ही किमया कालव्यांची. मॉस्को शहर व्होल्गावर नाहीच. म्हणून व्होल्गालाच मॉस्कोत आणायचं ठरलं आणि 1932 ते 1937 या काळात 128 किलोमीटरचा कालवा खणून झाला. खणणारे होते द्मित्लाग या छावणीचे कैदी. त्यांतल्या वीस हजारांहून अधिक जणांच्या मृत्यूची नोंद कागदोपत्रीच आहे. बोटीवरच्या लाउडस्पीकरवर हे सांगून होतं आणि लगेच उजव्या हाताला बघायला सांगतात, कारण याख्रोमाजवळ तीन नंबरच्या लॉकच्या मनोऱ्यांवर कोलंबसाच्या जहाजाच्या तांब्याच्या प्रतिकृती आहेत. कोलंबसाचा इथे काय संबंध, असा प्रश्न एखाद्याच्या डोक्यात येतो, पण तोवर सगळे फोटो काढायला गेलेले असतात.

लॉक ही पाण्याची लिफ्ट. बोट हौदात शिरते, मागचं दार बंद होतं, पाणी चढतं किंवा उतरतं, पुढचं दार उघडतं. पहिल्या लॉकला अख्खी बोट डेकवर जमते, टाळ्याही पडतात. पाचव्या लॉकला पत्त्यांचा डाव मोडून उठायला कुणी तयार नसतं. खरी मजा खालच्या मजल्यावरच्या केबिनवाल्यांची. खिडकीतून नदी दिसणार म्हणून त्यांनी रोख पैसे मोजलेले असतात. पहाटे जाग येते, पडदा सरकवावा तर समोर काँक्रीटची ओली भिंत. तिच्यावरचं शेवाळ, गंजलेल्या शिडीची एकेक पायरी, भेगेतून ठिबकणारं पाणी, हे सगळं हातभर अंतरावरून अगदी सावकाश खाली सरकत असतं. बायको विचारते, "काय दिसतंय?" नवरा पडदा ओढून घेतो आणि म्हणतो, "इंजिनिअरिंग."

कालवा व्होल्गाला मिळतो तिथे, दुब्नाला, एका काठावर लेनिन उभा आहे. नुसता पुतळाच पंचवीस मीटरचा, चौथऱ्यासकट सदतीस. समोरच्या काठावर त्याच्या जोडीला स्टालिन होता. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला सुरुंग लावून उडवला. चौथरा मात्र राहिला आणि त्यावर चढून लोक आता नदी बघतात. लेनिन आजही समोर बघतोय. जोडीदार कुठे गेला, हे त्याला बहुधा कुणी कळवलेलं नाही.

पुढे काल्याझिन. इथे पाण्यातून एक घंटाघर वर आलं आहे. शहर नाही, चर्च नाही, पाण्याच्या मधोमध फक्त 74.5 मीटरचा, 1800 साली पूर्ण झालेला पांढरा मनोरा. उग्लिचच्या धरणाने 1939-40 मध्ये जुन्या गावाचा मोठा भाग गिळला. चर्च आधीच पाडलं होतं, मनोरा राहून गेला आणि नाविकांना खुणेला उपयोगी पडू लागला. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, ते पाहिलेल्या माणसाला काल्याझिनचं नवल कमी आणि ओळख जास्त वाटेल. फरक इतकाच की पळसदेव बारा महिने पोस्टकार्डावर नसतं.

याच काल्याझिनवरून एक व्यापारी व्होल्गा उतरत गेला होता. त्वेर गावचा अफानासी निकितिन. त्याने वाटेतली गावं लिहून ठेवली आहेत. काल्याझिन, उग्लिच, कोस्त्रोमा, निझ्नी नोवगोरोद. आजच्या क्रूझच्या जाहिरातीत हीच नावं थोड्याफार फरकाने सापडतील, फक्त निकितिनच्या सहलीत जेवण समाविष्ट नव्हतं आणि आस्त्राखानपाशी त्याच्या तांड्याला लुटलं गेलं. रिकाम्या हाताने घरी जाण्यापेक्षा तो पुढेच निघाला आणि 1469 च्या सुमारास एक घोडा घेऊन चौलला उतरला. तिथून जुन्नर. जुन्नरच्या असदखानाने घोडा जप्त केला आणि अट घातली की धर्म बदल, मग घोडाही मिळेल आणि वर हजार मोहराही. चार दिवसांची मुदत. एका खुरासानी सरदाराने रदबदली केली म्हणून घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. इथल्या घोड्यांना साखर-तूप घालून शिजवलेली खिचडी चारतात, हेही त्याने टिपून ठेवलं आहे. शेवटी दाभोळहून जहाज धरून तो परतीला लागला आणि घर गाठण्याआधी स्मोलेन्स्कजवळ वारला. त्वेरला व्होल्गाच्या काठी त्याचा पुतळा आहे आणि रेवदंड्याला स्मारक. बोटीवरच्या गाइडला प्रवासी महाराष्ट्रातले आहेत हे कळलं की ती हा विषय हमखास काढते. प्रवाशांपैकी निम्म्यांना निकितिन प्रथमच कळतो, पण माना सगळेच डोलावतात.

आता उग्लिच. कार्यक्रमपत्रिकेतलं साडेनऊचं प्रकरण ते हेच.

इव्हान द टेरिबलचा धाकटा मुलगा दिमित्री याला आईसकट उग्लिचला ठेवलं होतं. गादीवर त्याचा सावत्र भाऊ आणि कारभार त्या भावाचा मेहुणा बोरिस गदुनोव याच्या हाती. 1591 च्या मे महिन्यात आठ वर्षांचा दिमित्री वाड्याच्या आवारात गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. कुणीतरी घंटा वाजवली. घंटा ऐकून गाव धावून आलं आणि ज्यांच्यावर संशय होता त्यांना ठेचून मोकळं झालं. मॉस्कोने चौकशी समिती पाठवली. प्रमुख होते राजश्री वासिली शुइस्की. अहवाल असा की राजपुत्र सुरीने खेळत होता, त्याला फेफरं आलं आणि सुरीवर पडून तो गेला. कुणाचाही दोष नाही. म्हणजे गावकऱ्यांचा सोडून. मोठ्या संख्येने गावकऱ्यांना देहदंड झाला, कितीतरी कुटुंबं सैबेरियाला धाडली गेली.

आणि घंटेलाही सोडलं नाही. तिनेच ना लोकांना चिथावलं! तिला मनोऱ्यावरून खाली आणलं, तिचा लोळा उपटला, टांगायचा कान तोडला, भर चौकात तिला चाबकाचे बारा फटके मारले आणि सैबेरियात तोबोल्स्कला तडीपार केलं. 1593 मध्ये ती तिथे पोचली आणि तिथल्या सुभेदाराने तिची नोंद पहिली निर्जीव तडीपार म्हणून केली, असं सांगतात. तीनशेएक किलोचा ऐवज सैबेरियापर्यंत ओढून नेण्याचा खर्च कोणत्या खाती टाकला असेल, हा खरं तर पीएचडीचा विषय आहे. उग्लिचकरांनी अर्ज-विनंत्या करून करून अखेर 1892 मध्ये तिची सुटका करवून आणली. शिक्षा भोगून झाली होती जवळपास तीनशे वर्षांची. मूळ घंटा तोबोल्स्कच्या आगीत वितळून गेली आणि आली ती दुसरीच, अशी शंका काही अभ्यासक काढतात. उग्लिचमध्ये हा विषय काढू नये.

शुइस्कींचं काय झालं? 1605 मध्ये एक तरुण 'मीच तो दिमित्री, वाचलो होतो' म्हणत फौज घेऊन मॉस्कोत आला आणि झार झाला. शुइस्कींनी हाच खरा राजपुत्र असं मान्य केलं, मग खळखळ केली आणि देहदंडाच्या दारातून परत आले. दिमित्रीच्या सख्ख्या आईनेही ओळख पटवली. वर्षभरात तो तोतया मारला गेला, शुइस्की स्वतः झार झाले आणि त्यांनी जाहीर केलं की दिमित्री लहानपणीच गेला, पण सुरीवर पडून नव्हे, गदुनोवने मारेकरी घातले. मग त्या मुलाला संतपदही मिळालं. एकाच अधिकाऱ्याने एकाच प्रकरणात दिलेले तीन अभिप्राय, तिन्ही सहीशिक्क्यानिशी. त्यानंतर आणखी दोन तोतये दिमित्री आले ते वेगळेच. भाऊसाहेबांच्या तोतयाची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असते, पण रशियनांनी या क्षेत्रात केलेली प्रगती मान्य करायलाच हवी.

घटनेच्या जागी लाल-पांढरं 'रक्तावरचं चर्च' आहे, 1692 सालचं, निळ्या घुमटांचं. घंटा आतच आहे. तिच्यासमोर प्रवासी दोन मिनिटं गंभीर होतात. मग धक्क्याकडे परतताना दोन्ही बाजूंना दुकानं लागतात, तिथे उग्लिचच्या जुन्या कारखान्याची 'चायका' घड्याळं मिळतात आणि घासाघीस सुरू होते.

मिश्किनबद्दल थोडक्यातच. सहा हजारांहून कमी वस्तीचं गाव आणि त्यात उंदरांचं संग्रहालय. एक सरदार काठावर झोपला होता, उंदीर तोंडावरून पळाला, सरदार जागा झाला, पाहतो तर शेजारी साप. म्हणून उंदराचे उपकार, म्हणून गावाच्या राजचिन्हात वर अस्वल आणि खाली उंदीर. कापडी, काचेचे, लोकरीचे, कळ दाबली की चालणारे असे उंदीर पाहून मराठी मंडळी हरखतात. गणपतीच्या वाहनाची एवढी बडदास्त घरच्या देशातही नाही.

रिबिन्स्कमध्ये 1940 साली जन्मलेल्या माणसाची कल्पना करा. 1946 मध्ये शहराचं नाव बदललं आणि तो श्चेर्बाकोवचा झाला, 1957 मध्ये पुन्हा रिबिन्स्कचा, 1984 मध्ये आंद्रोपोवचा, 1989 मध्ये परत रिबिन्स्कचा. सगळा वेळ घर तेच, शेजारी तेच. पत्र तेवढं कोणत्या नावाने टाकायचं हे बातम्या ऐकून ठरवायचं. गावाशेजारचा जलाशय 1941 पासून भरत गेला आणि साडेचार हजार चौरस किलोमीटरांवर पसरला. त्याच्या तळाशी मोलोगा नावाचं अख्खं शहर आणि शेकडो खेडी आहेत. तिथून उठवलेल्यांची संख्या एक लाख तीस हजारांच्या घरात. पाणी फार उतरलं की मोलोगाचे रस्ते वर येतात आणि त्या शहराचे वंशज नावा घेऊन ते बघायला जातात. बोट हा जलाशय ओलांडते तेव्हा कार्यक्रमात रशियन भाषेचा पहिला पाठ असतो.

यारोस्लाव्हल सुंदर आहे, हजार रूबलच्या नोटेवर आहे, 1010 साली वसलं आहे. पण एव्हाना चर्चचं अजीर्ण झालेलं असतं. "हे आणि कालचं वेगळं आहे का?" हा प्रश्न ज्या दिवशी पहिल्यांदा कानावर येतो, त्या दिवशी अनुभवी गाइड आपलं भाषण अर्ध्यावर आणते आणि बाजाराकडे वळते.

जेवणाचं एक कोडं मराठी माणसाला सुटत नाही. ज्या शेपूच्या भाजीपायी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मुलं ताटावरून उठून गेली, ती शेपू रशियन लोक स्वखुशीने खातात. बोर्श सूपवर शेपू, उकडलेल्या बटाट्यावर शेपू, माशावर शेपू, काकडीच्या लोणच्यात शेपू, सॅलडमध्ये तर आहेच. शाकाहारी म्हणून वेगळी नोंद केली तर आचारी आपुलकीने मासा आणून देतो, वर शेपू. त्यातल्या त्यात ब्लिनी बऱ्या. धिरड्याच्या जवळच्या नात्यातल्या आहेत आणि सोबत आंबट साय येते. चौथ्या दिवशी चिवड्याच्या डब्याचा तळ दिसतो आणि मग मात्र लोक ग्रेच्का, म्हणजे कुट्टूची उकडलेली कणी, तूप मागून खाऊ लागतात.

गोरित्सीला उतरलं की जवळच किरिलो-बेलोझेर्स्की मठ. 1397 साली स्थापन झालेला, किल्ल्यासारखा. इथे 1528 मध्ये मॉस्कोचा राजा तिसरा वासिली राणीला घेऊन मूल व्हावं म्हणून आला होता. नवस पावला. दोन वर्षांनी मुलगा झाला आणि तोच पुढे इव्हान द टेरिबल म्हणून प्रसिद्धीला आला. नवस बोलताना तपशील नीट सांगावेत. धक्क्यालगतच्या जोगिणींच्या मठाची गोष्ट त्याहून टोकाची. तो 1544 मध्ये एफ्रोसिन्या या सरदारपत्नीने बांधला. ती नात्याने इव्हानची काकू. 1563 मध्ये इव्हानने तिला तिच्याच मठात सक्तीने जोगीण केलं आणि 1569 मध्ये त्याच्या हुकमावरून तिला शेक्स्ना नदीत बुडवून मारलं, असं परंपरा सांगते. देणगीदाराची एवढी दखल सहसा कुठे घेतली जात नाही.

पुढे सहा लॉकची उतरंड आहे, 1964 साली खुल्या झालेल्या व्होल्गा-बाल्टिक मार्गावरची. तिथून बोट ओनेगा सरोवरात उतरते आणि किझी बेट येतं. इथल्या चर्चपुढे मात्र अजीर्ण झालेला माणूसही गप्प होतो. 1714 सालचं, 37 मीटर उंच, 22 घुमट, सगळं लाकडाचं. गाइड सांगते, एकही खिळा नाही. बांधणाऱ्या नेस्तोरने काम संपताच, असं पुन्हा होणे नाही म्हणून कुऱ्हाड सरोवरात फेकली, हेही सांगते. गटात एक निवृत्त इंजिनिअर असतोच. तो घुमटांवरच्या चांदीसारख्या फळ्यांकडे बोट दाखवून विचारतो, त्या कशाने बसवल्यात? गाइड थोडी थांबते. ओंडके खाचेत खाच घालून बिनखिळ्याचे रचले आहेत, पण घुमटांवरच्या अॅस्पेनच्या चिपांना खिळेच आहेत. उरलेला दिवसभर तो इंजिनिअर बोटीवर प्रसन्न असतो.

स्विर नदीवरचं मान्द्रोगी हे जुनं रशियन खेडं 1996 मध्ये बांधलेलं आहे. युद्धात मूळ गाव गेलं, तिथे पर्यटकांसाठी लाकडी घरं, भट्ट्या, शाश्लिकचा म्हणजे शिगेवर भाजलेल्या मांसाचा धूर आणि हजारांहून अधिक प्रकारांचं वोदका संग्रहालय उभं राहिलं. संग्रहालयाचा अभ्यास लोक अतिशय मन लावून करतात.

गर्दीच्या धक्क्यांवर बोटी एकीला एक चिकटवून बांधतात. काठावर जायचं तर तीन-चार बोटींच्या मधून चालत जावं लागतं, म्हणजे दुसऱ्यांच्या दिवाणखान्यातून, त्यांच्या फुलदाण्या आणि मेनू न्याहाळत. "यांच्याकडे आज केक आहे," अशी नोंद मोठ्याने होते. सकाळी पडदा उघडला की हातभरावर दुसऱ्या बोटीची खिडकी आणि तिच्यात बनियनवर दाढी करणारे अनोळखी आजोबा. दोघंही एक क्षण थांबतात. मग रशियन वर्गात शिकलेलं "दोब्रोये उत्रो", म्हणजे सुप्रभात, अखेर कामी येतं.

पीटर्सबर्ग हे 1914 मध्ये पेत्रोग्राड झालं, 1924 मध्ये लेनिनग्राड आणि 1991 मध्ये पुन्हा पीटर्सबर्ग. भोवतालचा प्रांत मात्र लेनिनग्राडच राहिला, कारण नामांतराचं मतदान शहरापुरतंच होतं. त्यामुळे परवा रात्री मान्द्रोगीत वोदका प्यालेला माणूस लेनिनग्राड प्रांतात प्यायला होता. परतीला बहुतेक मंडळी 'सापसान' ही वेगवान गाडी धरतात. जे अंतर जहाजाने वळसे घेत आठवड्याहून जास्त दिवसांत कापलं, ते ती सुमारे चार तासांत कापते. पीटर्सबर्गला ती सुटते मॉस्को स्टेशनवरून आणि मॉस्कोत सामान उतरवायचं ते लेनिनग्राड स्टेशनवर.